गॅरेजच्या काँक्रीटवर टिकणारे इपॉक्सी : जमीन तपासण्यापासून गाडी आत घेईपर्यंत

बंगल्याच्या गॅरेजमध्ये किंवा घरालगतच्या छोट्या वर्कशॉपमध्ये इपॉक्सी करून घ्यायचे ठरले की बहुतेक घरांत चर्चा रंगाच्या कार्डापासून सुरू होते. करडा घ्यावा की हिरवा, चकचकीत घ्यावा की मॅट, यावर बराच खल होतो आणि खालच्या कोब्याकडे मात्र कोणी वाकून पाहत नाही. वास्तविक, वर्षा-दोन वर्षांत पापुद्रे निघालेली जमीन उचलून पाहिली, तर इपॉक्सीचा थर सहसा धडधाकटच असतो आणि त्याच्या पाठीला सिमेंटची पांढरी भुकटी, तेलाचा काळसर डाग किंवा ओल चिकटलेली दिसते. म्हणजे कोटिंग जमिनीला चिकटलेच नव्हते. ते जमिनीवरच्या कच्च्या थराला चिकटले होते आणि तो थर सुटला. हे काम पहिल्यांदाच करणाऱ्याने किंवा करून घेणाऱ्याने आपली बहुतेक मेहनत डबा उघडण्यापूर्वी खर्च करावी, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि म्हणून या लेखातही तयारीलाच जास्त जागा दिली आहे.

इपॉक्सी आणि साधा रंग यांतला फरक

ऑइल पेंट हवेत सुकतो. इपॉक्सी सुकत नाही, ते रासायनिक क्रियेने घट्ट होते. एका डब्यात रेझिन असते आणि दुसऱ्यात हार्डनर. दोन्ही एकत्र आल्यावर उष्णता बाहेर पडते आणि रेणूंची एकमेकांत गुंफलेली जाळी तयार होते. १९४६ मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीने बाजारात आणलेले आणि आपल्याकडे घरोघरी माहीत असलेले दोन ट्यूबचे अरल्डाइट हेही याच कुळातले. रेझिन आणि हार्डनर यांचे प्रमाण कारखान्यात रेणूंच्या हिशेबाने ठरवलेले असते. त्यामुळे ‘थोडे हार्डनर जास्त घाला, लवकर सुकेल’ हा काही रंगाऱ्यांचा सल्ला येथे सपशेल चुकीचा ठरतो. जास्तीच्या हार्डनरला जोडीदार रेणू मिळत नाहीत, ते तसेच मोकळे राहते आणि जमीन कायमची चिकट किंवा ठिसूळ होते.

दुकानात साधारण तीन प्रकार दिसतात. पाण्यात मिसळलेले इपॉक्सी वासाला सौम्य आणि लावायला सोपे असते, पण त्यातले पाणी उडून गेल्यावर थर पातळ उरतो. थिनरवर आधारलेले इपॉक्सी काँक्रीटमध्ये चांगले मुरते, परंतु त्याची वाफ ज्वलनशील असते आणि बंद जागेत डोके दुखवते. तिसरा प्रकार म्हणजे शंभर टक्के सॉलिड्सचे, ज्याला सॉल्व्हंट-फ्री म्हणतात. यातले काहीच उडून जात नाही, जितके ओताल तितकी जाडी मिळते. गाडीच्या गॅरेजसाठी प्रायमर (जमिनीत मुरून वरच्या थराला पकड देणारा पहिला थर) आणि त्यावर या तिसऱ्या प्रकारचे दोन हात हीच रचना मला सर्वांत भरवशाची वाटते.

ही जमीन इपॉक्सीला योग्य आहे का?

महाराष्ट्रात बऱ्याच घरांच्या पार्किंगला शहाबादी फरशी किंवा चेकर्ड टाइल्स असतात. त्यांच्यावर थेट इपॉक्सी करू नये. फरशांचे सांधे वर उमटतात, पोकळ बसलेली फरशी गाडीच्या वजनाने हलते आणि तिच्या कडेने कोटिंग तडकते. इपॉक्सीला एकसंध काँक्रीट हवे : चांगले मुरवलेले पीसीसी (सळ्या नसलेले साधे काँक्रीट), ट्रिमिक्स (ओतल्यावर जास्तीचे पाणी व्हॅक्यूमने ओढून घेतलेले काँक्रीट) किंवा पक्का कोबा. नवीन काँक्रीट असेल तर ओतल्यापासून किमान २८ दिवस जाऊ द्यावेत, आणि त्यातले पाणी मारण्याचे दिवस संपल्यावर जमिनीला पूर्ण कोरडे होण्यासाठी आणखी अवधी द्यावा.

जुन्या कोब्याला वरून कोरडे सिमेंट भुरभुरून थापीने घोटलेले असते. ही घोटाई दिसायला गुळगुळीत आणि कणखर वाटते, पण तो वरचा पातळ थर खालच्या काँक्रीटच्या मानाने कमजोर असतो. खिळ्याच्या टोकाने ओरखडा काढून पाहावा. पांढरी भुकटी सहज निघाली तर तो थर पूर्ण घासून काढावाच लागेल. हातोडीच्या दांड्याने सगळी जमीन ठोकत जावी. जेथे डबडब असा पोकळ आवाज येईल, तेथे कोबा खालच्या थरापासून सुटलेला असतो आणि तेवढा भाग फोडून पुन्हा भरण्यावाचून इलाज नसतो.

चारही बाजूंनी उघड्या, ऊन-पावसाच्या पार्किंगला मात्र इपॉक्सीचा आग्रह धरू नये. सूर्यप्रकाशातल्या अतिनील किरणांनी ते पिवळे पडते आणि कालांतराने त्याच्यावर भुकटी धरते. अशा जागी चांगली चेकर्ड टाइल किंवा नुसते ट्रिमिक्स अधिक शहाणपणाचे ठरते.

ओल : सर्वांत मोठा शत्रू

काँक्रीट डोळ्यांना भरीव दिसत असले तरी त्याच्यात सूक्ष्म छिद्रांचे जाळे असते आणि जमिनीतला ओलावा वाफेच्या रूपाने त्यातून सतत वर येत असतो. उघड्या कोब्यातून ही वाफ हवेत निघून जाते, म्हणून जमीन कोरडी भासते. वर इपॉक्सीचा अभेद्य थर बसला की तिची वाट बंद होते, ओलावा थराखाली साठतो, येताना सिमेंटमधले क्षार सोबत आणतो, आणि काही महिन्यांत जमिनीवर फोड उठतात. असा फोड फोडला तर आतून निसरडे, क्षारयुक्त पाणी निघते.

तपासणीची साधी रीत अशी. जाड पारदर्शक प्लास्टिकचा १८ इंच × १८ इंच तुकडा जमिनीवर अंथरून चारही कडा रुंद चिकटपट्टीने हवाबंद कराव्यात आणि किमान १६ तास, शक्य असल्यास पूर्ण दिवस-रात्र, तसाच ठेवावा. उचलताना प्लास्टिकच्या आतल्या बाजूस बाष्प दिसले किंवा खालचे काँक्रीट आजूबाजूपेक्षा गडद झालेले असले, तर जमीन अजून तयार नाही. उन्हाची तिरीप पडणारी जागा टाळावी, नाहीतर निकाल फसवा येतो. तपासणी एकाच ठिकाणी करून थांबू नये; मध्यभागी, बाहेरच्या भिंतीलगत आणि बाथरूमची किंवा बागेची बाजू असेल तिकडे, अशा निदान तीन जागी करावी.

आपल्याकडे याहून एक मोठी खोच आहे. ही चाचणी फेब्रुवारीत केली तर ती फेब्रुवारीचेच उत्तर देते. कोकणात, तसेच काळ्या मातीच्या पट्ट्यात किंवा नाल्याकाठच्या वसाहतींत पावसाळ्यात भूजल वर येते, आणि हिवाळ्यात ठणठणीत कोरडी असलेली जमीन श्रावणात दमट होते. म्हणून चाचणीच्या जोडीला घरातल्यांना गेल्या पावसाळ्याबद्दल विचारावे. गॅरेजमध्ये ठेवलेले पुठ्ठ्याचे खोके खालून मऊ झाले होते का? रबरी मॅटखाली पाणी सुटते का? भिंतीच्या तळाशी गिलाव्याचे पोपडे आणि पांढरा लोणा दिसतो का? यांपैकी एकाचेही उत्तर ‘हो’ असेल, तर साधा इपॉक्सी प्रायमर पुरणार नाही. ओलावा रोखण्यासाठी खास बनवलेला प्रायमर वापरावा आणि तो किती ओलाव्यापर्यंत चालतो, ते त्याच्या तांत्रिक माहितीपत्रकात वाचून मगच घ्यावा. घर बांधताना काँक्रीटखाली जाड प्लास्टिक अंथरले होते की नाही, हेही बांधणाऱ्याला विचारता आले तर उत्तम, कारण ते असलेल्या जमिनीत हा त्रास पुष्कळ कमी असतो.

दुसरी तपासायची गोष्ट म्हणजे पाण्याची भूमिगत टाकी. जागा वाचवण्यासाठी ती अनेकदा पार्किंगच्याच खाली बांधलेली असते. टाकीवरच्या स्लॅबला खालून बाराही महिने दमट हवा लागलेली असते, आणि गॅरेजच्या बाकीच्या भागात उत्तम टिकलेले कोटिंग नेमके टाकीच्या चौकटीभोवती सुटते. येथे प्लास्टिकची चाचणी वेगळी करावी. टाकीच्या स्लॅबच्या खालच्या बाजूने जलरोधन झालेले नसेल, तर तेवढा चौकोन इपॉक्सीतून वगळून कडेला सरळ रेषेत काम थांबवणे मला अधिक प्रामाणिक वाटते. दिसायला तुकडा वेगळा दिसतो, पण उरलेली जमीन सुरक्षित राहते.

तेल, भेगा आणि घासाई

क्रम महत्त्वाचा आहे : आधी तेल काढायचे, मग घासायचे. उलट केले तर ग्राइंडरची चकती तेल सगळीकडे पसरवते. डागावर डीग्रीझर (तेल-ग्रीस सोडवणारे द्रावण) ओतून ताठ ब्रशने घासावे, थोडा वेळ मुरू द्यावे, भरपूर पाण्याने धुवावे आणि गरज पडेल तितक्या वेळा हेच करावे. जमीन वाळल्यावर डागाच्या जागी पाण्याचे काही थेंब टाकावेत. थेंब पसरून काँक्रीटमध्ये मुरले तर ठीक. मण्यासारखे वर तरंगत राहिले तर तेल अजून आत आहे. जुनी स्कूटर वर्षानुवर्षे एकाच जागी उभी राहिली असेल, तर तेथले तेल इतके खोल गेलेले असते की तेवढा कोबा छिन्नीने काढून नव्याने भरणे सोपे पडते. मात्र धुण्याने जमिनीत पाणी जाते, तेव्हा पुढची कामे करण्यापूर्वी ती पुन्हा कोरडी होऊ द्यावी आणि प्लास्टिकची चाचणी या टप्प्यानंतर परत करावी.

यानंतर घासाई. दुकानदार अनेकदा फरशी धुण्याचे ॲसिड सुचवतात. सौम्य केलेल्या हायड्रोक्लोरिक ॲसिडने काँक्रीटची छिद्रे उघडतात हे खरे आहे, पण घरगुती कामात मी ते टाळण्यास सांगेन. त्याच्या वाफा फुफ्फुसांना आणि गाडीच्या धातूला इजा करतात, ते तेलाच्या डागावर काम करत नाही, नीट निष्प्रभ करून धुतले नाही तर क्षार मागे राहतात, जमीन पुन्हा ओली होते आणि सळ्या असलेल्या स्लॅबमध्ये क्लोराइड शिरणे मुळीच इष्ट नाही. तसेच मार्बल पॉलिश करणारे कारागीर पाणी घालून घासणारे मशीन आणतात. ते जमीन गुळगुळीत करण्यासाठी बनलेले असते आणि आपल्याला नेमके उलट हवे असते. त्यातून निघणारा सिमेंटचा राडा छिद्रांतच वाळतो.

योग्य साधन म्हणजे डायमंड कप व्हील (हिऱ्याचे कण बसवलेली, वाटीसारखी चकती) बसवलेला ग्राइंडर, त्यावर धूळ ओढणारे झाकण आणि त्याला जोडलेला दणकट व्हॅक्यूम. एका गाडीच्या गॅरेजला हातातला पाच इंची ग्राइंडरही चालतो, फक्त वेळ जास्त लागतो आणि कंबर दुखते. उभ्याने चालवायचे मशीन भाड्याने मिळाले तर ते घ्यावे आणि कोपऱ्यांसाठी हातग्राइंडर ठेवावा. चकती एका जागी दाबून धरू नये, नाहीतर चंद्रकोरीसारखे खड्डे पडतात आणि ते चकचकीत कोटिंगमधून स्पष्ट दिसतात. वरची सिमेंटची साय निघून वाळूचे कण उघडे दिसू लागले आणि जमिनीवरून तळहात फिरवताना मध्यम पॉलिश पेपरसारखा खरखरीतपणा लागला की थांबावे. जेथे अजून चमक दिसते, तेथे चकती पोहोचलेली नाही. तिरप्या प्रकाशात, म्हणजे जमिनीलगत विजेरी धरून, असे भाग लगेच ओळखू येतात.

काँक्रीटच्या या धुळीत स्फटिकरूप सिलिका असते आणि ती श्वासातून वर्षानुवर्षे गेल्याने सिलिकोसिस हा बरा न होणारा फुफ्फुसाचा रोग होतो. तोंडाला रुमाल बांधणे पुरेसे नाही. एन-९५ किंवा त्याहून चांगला मास्क, डोळ्यांना गॉगल आणि कानांना संरक्षण हवेच, आणि आपण बोलावलेल्या कारागिरालाही ते आपणच द्यावे.

भेगांच्या बाबतीत आधी भेद ओळखावा. केसासारखी, वर्षानुवर्षे तशीच असलेली भेग ग्राइंडरने व्ही आकारात उघडून, धूळ काढून इपॉक्सी पुट्टीने भरावी आणि घट्ट झाल्यावर जमिनीच्या पातळीला घासावी. पण काँक्रीटमध्ये मुद्दाम ठेवलेले हालचालीचे सांधे असतील, तर ते पुट्टीने बुजवू नयेत. उन्हाळ्या-हिवाळ्यात ते उघडझाप करतातच आणि वरचे कोटिंग नेमके त्या रेषेवर तडकते. कोटिंग झाल्यावर असे सांधे कापून मोकळे करावेत आणि लवचीक पॉलीयुरेथेन सीलंटने भरावेत.

शेवटची सफाई झाडूने होत नाही. झाडू धूळ उडवतो आणि ती तासाभराने परत खाली बसते. व्हॅक्यूम दोनदा फिरवावा, दुसऱ्यांदा आडव्या दिशेने. मग मास्किंग टेपचा तुकडा जमिनीवर दाबून उचलावा. टेपला पांढरी भुकटी चिकटली तर व्हॅक्यूम पुन्हा. छताचा पंखा असेल तर त्याची पाती याच वेळी पुसून घ्यावीत, जळमटे काढावीत आणि कोटिंग ओले असेपर्यंत पंखा बंद ठेवावा.

माल किती लागेल

हिशेब सोपा आहे. शंभर टक्के सॉलिड्सचा १ लिटर माल १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर जाडी देतो. एका गाडीचे १० × २० फुटांचे गॅरेज २०० चौरस फूट, म्हणजे सुमारे १८.६ चौरस मीटर असते. २५० मायक्रॉनच्या (१,००० मायक्रॉन म्हणजे १ मिलिमीटर) एका हाताला प्रत्येक चौरस मीटरमागे पाव लिटर, म्हणजे एकूण ४.६५ लिटर लागतात. दोन हातांना सुमारे ९.३ लिटर. घासलेली जमीन माल पिते आणि रोलरमध्ये, बादलीत काही राहते, म्हणून दहा-पंधरा टक्के जास्त धरावे. प्रायमर वेगळा. थिनरवाल्या मालाची आकारमानाने सॉलिड्स ५० टक्के असतील, तर ओला थर सुकल्यावर निम्माच उरतो, हे लक्षात ठेवून दर ताडून पाहावेत. दर चौरस फुटाचा भाव सांगणाऱ्या ठेकेदाराला ‘सुकल्यावर किती मायक्रॉन?’ हा एक प्रश्न अवश्य विचारावा आणि उत्तर कोटेशनमध्ये लिहून घ्यावे. नुसते ‘इपॉक्सी दोन हात’ या शब्दांत शंभर मायक्रॉनही बसतात आणि पाचशेही.

सेल्फ-लेव्हलिंगचा आरशासारखा, एक ते तीन मिलिमीटरचा थर कारखान्यांत शोभतो. गॅरेजला पाणी वाहून जाण्यासाठी उतार दिलेला असतो आणि हा माल स्वतःची पातळी शोधतो, त्यामुळे तो शटरच्या दिशेने वाहून तेथे जाड साठतो. उताराच्या जमिनीला रोलरने केलेले काम बरे.

दिवस आणि वेळ निवडणे

जमिनीचे तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचे दव होऊ लागते, त्यापेक्षा) निदान ३ अंश सेल्सिअसने जास्त असावे आणि हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या खाली असावी, हा इपॉक्सीच्या कामाचा सर्वमान्य नियम आहे. पुण्यात जानेवारीच्या एखाद्या दुपारी २४ अंश तापमान आणि ४० टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू सुमारे ९.५ अंशांवर येतो आणि काळजीचे कारण उरत नाही. पावसाळ्यातल्या २८ अंश आणि ८५ टक्के आर्द्रतेला मात्र तो २५ अंशांच्या पुढे जातो, आणि बंद गॅरेजची जमीन हवेपेक्षा थंडच असते. अशा वेळी डोळ्यांना न दिसणारे दव जमिनीवर धरते. शिवाय हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड यांच्याशी हार्डनरमधले अमाइन नावाचे घटक संयोग पावून थरावर मेणचट साय आणतात. ती कोमट साबणाच्या पाण्याने धुऊन, घासून काढल्याशिवाय पुढचा हात चिकटत नाही.

म्हणून महाराष्ट्रात दिवाळीनंतर ते फेब्रुवारीअखेरचा काळ सर्वोत्तम. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये अडचण वेगळी असते : तापमान साधारण १० अंशांनी वाढले की मिसळलेला माल वापरण्याची मुदत जवळपास निम्म्यावर येते. २५ अंशांना चाळीस मिनिटे मिळत असतील तर ३५ अंशांना वीसच मिळतील, असा अंदाज धरून माल कमी-कमी मिसळावा.

दिवसाची वेळही पाहावी. सकाळी जमीन तापत जाते, छिद्रांतली हवा प्रसरण पावून वर येते आणि ओल्या थरात बुडबुडे व टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे पाडते. दुपार उलटल्यावर, जमीन निवू लागली की प्रायमर लावावा. हवा आकसताना तो आत ओढला जातो. फार उशीरही करू नये, कारण दिवे लावल्यावर किडे येतात आणि ओल्या थरात अडकतात.

मिसळणे आणि लावणे

दोन माणसे हवीत : एक मिसळणारा, एक लावणारा. नायट्राइल हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि गॉगल घालूनच डबा उघडावा. न घट्ट झालेले इपॉक्सी त्वचेला लागत राहिले तर ॲलर्जी जडते आणि ती एकदा जडली की पुढे थोड्याशा संपर्कानेही उसळते. हाताला लागल्यास साबण आणि पाणी वापरावे. थिनरने हात धुतल्यास माल त्वचेत अधिक खोल जातो. शटर आणि खिडक्या उघड्या ठेवाव्यात. थिनरयुक्त प्रायमर वापरताना आसपास गॅसची शेगडी, बिडी-सिगारेट, ठिणगी उडवणारे बटण यांपैकी काही नसावे.

आधी रेझिनचा डबा एकटाच ढवळावा, कारण रंगद्रव्य तळाशी बसलेले असते. मग पूर्ण हार्डनर त्यात ओतून, संथ गतीच्या ड्रिलला मिक्सर पाते लावून दोन ते तीन मिनिटे ढवळावे आणि मध्येच थांबून बादलीच्या कडा व तळ पट्टीने खरवडून घ्यावा. जोरात फिरवले तर हवा कोंडली जाते. त्यानंतर सगळा माल दुसऱ्या स्वच्छ बादलीत ओतून पुन्हा अर्धा मिनिट ढवळावा. ही दुसरी बादली अनेकांना अनावश्यक वाटते, पण पहिल्या बादलीच्या कडेला चिकटलेला न मिसळलेला रेझिन जमिनीवर जाऊ न देण्याचा तोच एक खात्रीचा उपाय आहे. याच कारणाने, शेवटचा थेंब वाया जाऊ नये म्हणून बादली जमिनीवर उपडी ठेवू नये. तेवढ्या वर्तुळात जमीन महिनोन्‌महिने चिकट राहते. किट, म्हणजे रेझिन आणि हार्डनरची जोडी, शक्यतो अर्धे करू नये. करावेच लागले तर अंदाजाने नव्हे, पत्रकात दिलेले प्रमाण वजनाचे आहे की आकारमानाचे ते पाहून त्याप्रमाणे मोजावे. काम हलके व्हावे म्हणून थिनर ओतू नये.

मिसळलेला माल बादलीत साठवून ठेवला की उष्णता कोंडते, क्रिया भडकते, बादली हाताला पोळू लागते आणि धूरही निघू शकतो. तोच माल जमिनीवर पसरला की उष्णता निघून जाते आणि काम करायला वेळ मिळतो. म्हणून मिसळताच जमिनीवर लांब पट्ट्यात ओतावा. सुरुवात आतल्या भिंतीपासून करून शटरकडे मागे सरकत यावे. भिंतीच्या कडेची तीन-चार इंचांची पट्टी ब्रशने, उरलेले नऊ इंची, धागे न सोडणाऱ्या आखूड लवीच्या रोलरने करावे. प्रायमर पातळ, पण सगळीकडे भिजवणारा हवा. जेथे तो शोषला जाऊन जमीन कोरडी, फिकट दिसेल, तेथे पुन्हा एक हात द्यावा. पुढचा हात पत्रकात दिलेल्या मुदतीत, बहुतेक मालांना १२ ते २४ तासांच्या दरम्यान, पहिल्याच्या काटकोनात लावावा. मुदत चुकली तर पृष्ठभाग पॉलिश पेपरने घासून, पुसून मगच लावावा. घट्ट झालेल्या चकचकीत थराला नवा थर रासायनिकरीत्या जोडला जात नाही.

पावसात ओली गाडी आत येते आणि चकचकीत इपॉक्सीवर ओला पाय सरकतो. घरात वयस्कर माणसे असतील तर हा भाग ऐच्छिक मानू नये. पहिला रंगीत हात ओला असताना त्यावर कोरडी, धुतलेली, बारीक क्वार्ट्झ वाळू वरून समान भुरभुरावी, घट्ट झाल्यावर सुटी वाळू झाडून काढावी आणि वरून शेवटचा हात द्यावा. नदीची वाळू वापरू नये. तिच्यात माती आणि ओल असते. शटरमधून ऊन आत येत असेल, तर शेवटचा हात ॲलिफॅटिक पॉलीयुरेथेनचा घ्यावा. तो पिवळा पडत नाही आणि ओरखडेही कमी घेतो.

वापर आणि दुरुस्ती

साधारण २५-३० अंशांना दुसऱ्या दिवशी अनवाणी हलके चालता येते, पण गाडी सात दिवस बाहेरच ठेवावी. लांबच्या प्रवासाहून आलेल्या गाडीचे टायर तापलेले असतात. ते कोटिंग मऊ करतात, थंड होताना आकसून त्याला ओढतात, आणि अपुरे घट्ट झालेले किंवा नीट न चिकटलेले कोटिंग टायरच्या ठशासकट उचलले जाते. दुचाकीच्या साइड स्टँडचा सगळा भार बोटाएवढ्या जागेवर येतो. स्टँडखाली रबराचा किंवा लाकडाचा तुकडा कायम ठेवावा. सफाईला सौम्य साबणाचे पाणी पुरे, ॲसिड मुळीच नको. बॅटरीचे पाणी किंवा ब्रेक ऑइल सांडले तर लगेच पुसावे.

कोठे टवका उडालाच, तर त्याच्या कडा पटाशीने उचकून पाहाव्यात आणि जेवढा भाग सैल आहे तेवढा, घट्ट थर लागेपर्यंत काढावा. उघड्या पडलेल्या काँक्रीटवर ओल किंवा तेल दिसले, तर आधी त्याचा बंदोबस्त करावा. नुसता वरून रंग भरल्यास टवका शेजारी सरकतो. जागा कोरडी असेल तर कडा उताराने घासाव्यात, चौकोन मास्किंग टेपने आखावा, प्रायमर आणि दोन हात त्याच क्रमाने द्यावेत आणि थर घट्ट होण्याआधीच टेप ओढून काढावी. यासाठी मूळ कामाच्या वेळीच त्याच बॅचचे एक लहान, न उघडलेले किट बाजूला ठेवणे उपयोगी पडते, कारण दुसऱ्या बॅचचा करडा रंग शेजारी लावल्यावर वेगळा उठून दिसतो. किट थंड, कोरड्या जागी ठेवावे आणि डब्यावरची मुदत पाहूनच वापरावे.